जुनी गाडी घरी खोलायची, ती पुन्हा जोडता येईल अशी

अर्धवट खोललेली गाडी ओळखायला वेळ लागत नाही. गॅरेजच्या मध्यावर सांगाडा, भिंतीलगत पुठ्ठ्याची खोकी, खोक्यांत तेलकट नट-बोल्टांचा ढीग आणि वर काहीही लिहिलेलं नाही. अशा दोन गाड्या मी दुसऱ्यांच्या हातून घेऊन पूर्ण केल्या. दोन्ही वेळा सगळ्यात जास्त वेळ हा क्लॅम्प कशाचा, हा वायसर कुठला, हे शोधण्यात गेला. गंज आणि इंजिन त्यामानाने लवकर आटोपलं. म्हणून या लेखात मी खोलण्याच्या टप्प्यावर जास्त बोलणार आहे. ते काम नीट झालं की पुढे मेहनत उरते, कोडी उरत नाहीत.

आधी पाहायचं, मग पाना उचलायचा

गाडी ताब्यात आली की पहिले आठ-पंधरा दिवस एकही नट सोडू नका. लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून सगळ्या पत्र्यावरून फिरवा. लोखंडी पत्र्यावर तो जिथे धरत नाही तिथे खाली लांबीचा जाड थर आहे. दाराखालचे सिल, पायाखालचा फ्लोअर आणि स्प्रिंगा जिथे चेसीला धरलेल्या असतात त्या जागा बोथट स्क्रूड्रायव्हरने दाबून पहा. टोक आत गेलं, तर तो पत्रा रंगाच्या आधारावरच उभा आहे असं समजा.

मग दारं. बंद दाराभोवतीच्या फटी वर, खाली, पुढे, मागे अशा मोजून लिहून ठेवा. फट वरच्या बाजूला आवळत गेलेली दिसली, तर बॉडी मधोमध खचते आहे. उघडताच दार खाली बसत असेल, तर बिजागरीची पिन झिजलेली आहे किंवा बिजागरीचा खांबच गंजला आहे. ही मापं आत्ता घेतली नाहीत तर पुन्हा कधीच मिळत नाहीत.

इंजिन फिरतं का ते पाहताना स्टार्टर वापरू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि क्रँकशाफ्टच्या पुढच्या नटावर पाना लावून हाताने हळू फिरवा.

एवढं झाल्यावर ठरवायचं की गाडी किती खोलायची. माझं मत स्पष्ट आहे: शक्य तितकी कमी. जुन्या वाहनांच्या क्लबांची जागतिक संघटना फिवा १९६६ पासून काम करते आहे, आणि तिचाही भर जतनावर आहे. कारखान्यातून निघाला तो मूळ रंग, मूळ सीटचं कापड, काचेवरचा छाप या गोष्टी एकदा गेल्या की गेल्या. रंग फिका पडलाय पण पत्रा शाबूत आहे, अशा गाडीचा रंग खरवडू नका. ब्रेक, वायरिंग, इंधनाची लाइन आणि टायर एवढंच हाती घेतलं तरी ती गाडी सुरक्षितपणे रस्त्यावर येते. पण चेसी किंवा सिल गंजलेलं असेल, तर पूर्ण खोलण्याला पर्याय नाही.

जागा, हत्यारं आणि जिवाची काळजी

खोललेली गाडी उभ्या गाडीच्या अडीच-तीनपट जागा खाते. दारं, काचा, सीट, मडगार्ड आडवे रचता येत नाहीत. पाना उचलण्याआधी फळ्या ठोकून घ्या.

पान्यांचं माप हा जुन्या गाडीतला खरा गुंता आहे. युरोपातल्या बहुतेक गाड्या मेट्रिक मापाच्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ आणि बीएसएफ (इंची मापाचे जुने ब्रिटिश प्रकार) आटे असतात, आणि त्यांच्या पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचं माप न सांगता बोल्टाची जाडी सांगतो. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने मिळून युनिफाइड आटे ठरवले ते १९४० च्या दशकाच्या शेवटी, आणि त्यानंतरही बदल सावकाश झाला. एकाच गाडीत जुने आणि युनिफाइड दोन्ही आटे सापडतात. एमजीच्या टी मालिकेतल्या गाड्यांच्या इंजिनात तर आटे मेट्रिक आणि बोल्टाची डोकी व्हिटवर्थ मापाची आहेत. ‘जवळपास बसतोय’ असा पाना लावला की नटाचे कोपरे गोल झालेच म्हणून समजा. पाना किंवा सॉकेट सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. आणखी एक: काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नट सुटत नाही म्हणून पाइप घालून जोर लावण्याआधी स्टडच्या टोकावर खूण आहे का ते पहा.

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. खाली पक्की फरशी, योग्य वजनाचे जॅक स्टँड, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे, आणि खाली शिरण्याआधी गाडीला हाताने जोरात हलवून पाहणं, हे दर वेळी.

जुन्या ब्रेक शूंत आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही आणि ब्रशने कोरडी झाडायची नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून घासकाम ओलं करा आणि बारीक कणांसाठीचा फिल्टर असलेला मास्क लावा. पेट्रोलची टाकी ‘रिकामी’ असली तरी आत वाफ असते; तिला घरी वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावायचा नाही. कॉइल स्प्रिंग काढायला चांगला कॉम्प्रेसर लागतो. दाबलेल्या स्प्रिंगेतली ताकद हाताच्या अंदाजात येत नाही.

खोलताना

सुरुवात बॅटरीपासून. अर्थिंगची वायर आधी सुटते, पण ती कुठली हे तपासून घ्या. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. मग पेट्रोल, कूलंट, तेल काढा. त्यानंतर सीट आणि आतलं अस्तर, दिवे, बंपर, काचा. नंतर वायरिंग, मग बॉनेट, मडगार्ड, दारं. रेडिएटर काढल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स चेनकप्पीने बाहेर, आणि शेवटी सस्पेन्शन.

प्रत्येक भागाचे फोटो तीन अंतरांवरून घ्या. लांबून घेतलेल्या फोटोत भाग गाडीत कुठे आहे ते कळतं, मधल्या फोटोत त्याच्या शेजारी काय आहे, आणि जवळच्या फोटोत वायसर कोणत्या बाजूला आहे. नवखा माणूस फक्त जवळचे फोटो काढतो आणि वर्षभराने ते कशाचे हे त्यालाच सांगता येत नाही.

फोटोशिवाय एक वही हवीच, कारण आकडे फोटोत येत नाहीत. स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या टोकाचे किती आटे बाहेर दिसत होते, बिजागरीमागे किती शिम (फट भरायचे पातळ पत्र्याचे तुकडे) होत्या, क्लचची तार कशाच्या वरून आणि कशाच्या खालून गेली होती, हे लिहायचं. शक्य असेल तिथे भाग काढल्यावर बोल्ट त्याच्याच भोकात दोन आटे बोटाने फिरवून ठेवा. जगातली कुठलीही डबी त्या जागेइतकी पक्की नाही. जिथे ते जमत नाही तिथे एका कामाची एकच पिशवी, आणि पिशवीवर पूर्ण वाक्य: ‘उजवं पुढचं दार, वरची बिजागरी, खांबाकडचे ३ बोल्ट, २ शिम.’ नुसतं ‘दार’ लिहिलेली पिशवी काही उपयोगाची नाही. चिठ्ठी पिशवीच्या आतही टाका, कारण तेलाच्या हाताने वरची शाई पुसते.

शिमांचं मी मुद्दाम लिहितो आहे. माझ्या पहिल्या गाडीत बिजागरीमागून पत्र्याचे तीन गंजलेले तुकडे पडले. घाण समजून मी ते झाडूने गोळा करून टाकून दिले. रंग होऊन दार बसवलं तेव्हा मागची कड खांबापासून बोटभर बाहेर राहिली. आत ढकललं की खाली घासे, वर उचललं की कुलूप लागेना. वेगवेगळ्या जाडीचे पत्रे कापून, एक घालून, दार लावून, पुन्हा काढून, असे सलग तीन शनिवार-रविवार गेले आणि नव्या रंगाला दोन ओरखडे पडले. कारखान्यातल्या कोणा कारागिराने ते तुकडे त्या एका गाडीसाठी, त्या एका दारासाठी निवडले होते. तेव्हापासून गाडीतून पडलेला कागदाइतका पातळ तुकडासुद्धा मी मोजून पिशवीत ठेवतो.

तुटकं, कुजलेलं, निरुपयोगी वाटणारं काहीही नवा भाग बसेपर्यंत फेकू नका. कुजलेलं रबर नव्याचं माप देतं आणि फाटकं अस्तर हाच नव्या कापडाचा कागदी नमुना असतो.

जाम झालेले बोल्ट

घाई केली की बोल्ट तुटतो. आदल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी भेदक तेल सोडा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून केलेलं मिश्रणही चांगलं चालतं. ते दर वेळी हलवून घ्यावं लागतं आणि भडकतं, म्हणून ते लावलेल्या जागी आच आणायची नाही. बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, बेताचे ठोके द्या. मग सोडवण्याआधी किंचित आवळून पहा. गंजाची पकड बहुतेकदा त्या उलट्या हालचालीतच सुटते. थोडं सोडा, थोडं आवळा, तेल घाला, पुन्हा सोडा.

एवढ्याने नाही हलला, आणि ते ॲसिटोनचं मिश्रण तिथे लावलेलं नसेल, तर उष्णता. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट मी असेच काढतो. पेट्रोलची लाइन आणि कार्ब्युरेटर आधीच बाहेर काढलेले, आग विझवायचा सिलिंडर हाताशी. ज्वाला स्टडवर न धरता नटावर धरायची, म्हणजे नट प्रसरण पावून सैल होतो. मग ज्वाला बाजूला करून आट्यांच्या कडेला साध्या मेणबत्तीचं टोक टेकवायचं. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, हलकासा धूर येतो, आणि पान्यावर हाताला एक बारीक ‘कच्’ जाणवते. तेवढं जाणवलं की थांबायचं, पुन्हा आवळायचं आणि मग सावकाश बाहेर.

इंजिन

जाम इंजिनाच्या सिलिंडरमध्ये तेच भेदक तेल भरून आठवडा-दोन आठवडे ठेवा आणि रोज नटावर दोन्ही दिशांना थोडा जोर देऊन पहा. हेड काढल्यावर पिस्टनवर ठोकायचंच झालं तर मध्ये लाकडी ठोकळा हवा आणि ठोके हलके हवेत.

हेडचे बोल्ट सोडताना बाहेरून मध्याकडे आणि आवळताना मध्यातून बाहेरच्या दिशेने, आणि दोन्ही वेळा टप्प्याटप्प्याने. एका दमात सोडले तर हेड वाकू शकतं. पुश रॉड आणि टॅपेट (कॅमची हालचाल वॉल्व्हपर्यंत नेणारे भाग) आणि वॉल्व्ह त्यांच्या क्रमानेच राहिले पाहिजेत. पुठ्ठ्याला भोकं पाडा, आकडे घाला आणि त्यात ते खोचून ठेवा. टॅपेट आणि कॅमची प्रत्येक जोडी एकमेकांवर घासून घडलेली असते. अदलाबदल झाली की दोन्ही झिजतात. कनेक्टिंग रॉड आणि मेन बेअरिंगच्या टोप्या आपापल्या जोडीदारासोबतच मशीन केलेल्या असतात. सोडण्याआधी त्यांच्यावर खुणा आहेत का पहा, नसतील तर पंचने कराव्या.

मग मोजमाप. सिलिंडर वरच्या कडेजवळ, मध्यावर आणि तळाशी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांना मोजा. झीज सगळ्यात जास्त वर असते, कारण दाब आणि उष्णता तिथे जास्त आणि तेल कमी. साध्या बेअरिंगमध्ये शाफ्टच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी फट असते असा जुना ढोबळ अंदाज आहे, म्हणजे ५० मिलिमीटरच्या जर्नलला (शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) सुमारे ०.०५ मिलिमीटर. नेमका आकडा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच धरा. बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतणं ही मशीन शॉपची कामं आहेत. घरी वॉल्व्ह लॅप करता (सीटवर घासून नीट बसवता) येतात, रिंगा आणि गास्केट बदलता येतात, आणि ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा साफ करता येतात. हे शेवटचं काम बहुतेकजण टाळतात. कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) काढून वाकड्या तारेने ब्लॉकच्या मागच्या टोकापर्यंत खरवडून पहा. तिथे गंजाचा चिखल घट्ट बसलेला असतो, आणि नवा रेडिएटर घालूनही इंजिन तापत राहतं ते त्यामुळे.

शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातल्या इंजिनात त्या शिशाचा थर एक्झॉस्ट वॉल्व्हच्या सीटना वाचवायचा. हेड बाहेर आलंच आहे तर कठीण पोलादाच्या सीट बसवून घ्या. कार्ब्युरेटर आणि पंपातलं रबर आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल सोसणारं घ्या. जुन्या प्रकारचं त्यात फुगतं आणि फाटतं.

गंज आणि पत्रा

कंस, क्लॅम्प, बिजागऱ्यांसारख्या लहान भागांसाठी विजेची पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण ती गंज काढते आणि चांगलं लोखंड खात नाही. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, दर लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि साधा १२ व्होल्टचा चार्जर. ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला, आणि दोन्हींचा एकमेकांना स्पर्श नको. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका. त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. ॲल्युमिनियम आणि स्प्रिंगा या टबात घालायच्या नाहीत. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून काम उघड्यावर करा आणि वायरी जोडताना-सोडताना चार्जर बंद ठेवा. बाहेर काढलेला भाग लगेच कोरडा करून प्रायमर मारा. दमट हवेत उघड्या लोखंडावर काही तासांतच तांबूस साय धरते.

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी अँगल टाके घालून पक्के करा. गाडी नेहमीच्या आधारांवर समपातळीत असू द्या. एका वेळी एकच बाजू. नवं सिल क्लॅम्पने धरून दार लावून पहा, सुरुवातीला लिहिलेल्या फटींशी ताडा, आणि मगच वेल्डिंग करा. तेही लांब रेघ न ओढता, एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही.

रंगाआधी सगळी दारं, बॉनेट, मडगार्ड, बंपर कच्च्या पत्र्यावर एकदा पूर्ण बसवून पहा. बोल्टची भोकं इथे रुंद करावी लागली तरी चालतं. रंगानंतर तीच गोष्ट महागात जाते. मग उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, गरज असेल तिथेच पातळ लांबी, आणि लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून घासकाम. बोटांनी घासू नका, लाटा उमटतात. हार्डनर मिसळायच्या आधुनिक टू-के रंगात आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायनं असतात. त्यांना बाहेरून हवा पुरवणारा मास्कच लागतो. तो नसेल तर शेवटचा रंग रंगाच्या बूथमध्ये करून घ्या.

ब्रेक आणि वायरिंग

इथे जुनं काहीही ‘चालेल’ म्हणून ठेवू नका. जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांच्या ब्रेकना एकच सर्किट असतं. एक पाइप फुटला की पेडल फरशीला टेकतं. होज, रबर, लोखंडी पाइप सगळे नवे घ्या. पाइपसाठी तांबं-निकेलचा मिश्रधातू वळवायला सोपा आणि न गंजणारा. ब्रेकचे रबरी भाग पेट्रोल, रॉकेल किंवा ग्रीसने पुसू नका, ते फुगतात. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि रंग उठवतं, म्हणून सांडलं की लगेच पाण्याने धुवा. हवा काढताना बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात होते. टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी तारीख वाचा. २००० नंतरच्या टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात.

कापडी आवरणाचं वायरिंग दुमडलं की आतून तडकतं. जुना हार्नेस अखंड काढून फळीवर पसरा आणि त्याच्यावरच नवा बांधा. अर्थिंगच्या प्रत्येक जागेवरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा. जुन्या गाडीत दिव्यांची निम्मी दुखणी तिथेच असतात. पहिल्यांदा करंट देताना बॅटरीच्या वायरीत हेडलाइटचा बल्ब जोडा. सगळे स्विच बंद असताना बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि फक्त बल्ब पेटतो, हार्नेस जळत नाही.

जोडणी आणि पहिला स्टार्ट

वही शेवटच्या पानापासून उलट वाचत जा. कॉटर पिन, लॉक वायसर, गास्केट नवे. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, आणि आवळून झालेल्या बोल्टावर रंगाचा ठिपका द्या, म्हणजे ‘हा आवळला का?’ हा प्रश्न रात्री पडत नाही. एखादा बोल्ट उरलाच, तर तो कुठला हे कळेपर्यंत गाडी हलवायची नाही.

स्टार्ट करण्याआधी प्लग काढून इंजिन स्टार्टरवर फिरवा, तेलाचा दाब गेजवर दिसेपर्यंत. मग प्लग लावा, एक माणूस आग विझवायचा सिलिंडर घेऊन बॉनेटशी उभा राहू दे, गॅरेजचं दार उघडं. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर इंजिन आयडलवर सोडू नका. सुमारे २००० आरपीएमवर वीसएक मिनिटं चालू द्या, आणि जस्त-फॉस्फरस पुरेसं असलेलं तेल वापरा. त्या वेळात डोळे तेलाच्या गेजवर, तापमानावर आणि खाली जमिनीवर. दाब पडला तर तत्क्षणी बंद.

पहिली फेरी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगात, फक्त ब्रेकसाठी. मग दहा किलोमीटर, आणि परत येऊन चाकांचे नट, स्टिअरिंगचे सांधे आणि ब्रेकचा प्रत्येक जोड बोट फिरवून तपासा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर, हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळा आणि टॅपेटची फट बघा. ८०० किलोमीटरच्या आतच पहिलं तेल बदला. ते स्वच्छ भांड्यात काढून त्यात लोहचुंबक फिरवा. करड्या रंगाची बारीक पेस्ट लागली तर ठीक, चमकणारे कण लागले तर संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) पुन्हा उतरवा.